ड्रॅगन मारणारा नको

'हलकंफुलकं' या शब्दात कौतुक कमी आणि माफी जास्त असते. 'हलकंफुलकं आहे, पण चांगलं आहे' असं आपण सहज म्हणतो. 'गंभीर आहे, पण चांगलं आहे' असं कुणी म्हणत नाही. पुस्तक हलकं असेल तर ते चांगलं असल्याचा पुरावा द्यावा लागतो, जड असेल तर वाईट असल्याचा.

मी अशीच पुस्तकं वाचते. प्रेमकथा, आणि त्यातही अशा, की ज्यांत कुणाचा खून होत नाही, नायक नायिकेला कोंडून ठेवत नाही, कुणाला असाध्य आजार होत नाही आणि शेवटी दोघं एकत्र येतात. नोकरी सॉफ्टवेअरची असल्यामुळे दिवसभर जे वाचते त्यात काय कुठे बिघडलं हेच लिहिलेलं असतं. रात्री मात्र काहीतरी जुळताना बघायचं असतं. हे कुणाला सांगितलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, 'अरे वा, स्ट्रेस बस्टर!' दुसरी, 'तू? मला वाटलं तू सीरियस वाचतेस.' दोन्हींचा अर्थ एकच: ही पुस्तकं म्हणजे डोकेदुखीची गोळी. गोळी चांगली की वाईट असं कुणी बघत नाही, उतार पडला की झालं.

मला हे पटत नाही, कारण मी हिशेब ठेवते. माझ्याकडे एक शीट आहे. त्यात शंभराहून जास्त प्रेमकथांची नोंद आहे. त्यातल्या जेमतेम पंधरा मला पुन्हा वाचाव्याशा वाटतात. जो प्रकार 'कुणीही लिहील' असा समजला जातो, त्यात इतक्या कमी जणांना नीट लिहिता येत असेल, तर तो सोपा नसणार. आणि पंधरा चांगल्या असतील तर त्या का चांगल्या आहेत, हे सांगताही आलं पाहिजे.

या प्रकाराची अडचण अशी, की शेवट सगळ्यांना माहीत असतो. रहस्यकथेत खुनी कोण हे लपवता येतं. इथे लपवायला काहीच नाही. पहिल्या प्रकरणात जे दोघं एकमेकांवर चिडलेत तेच शेवटच्या पानावर हातात हात घालून असणार. पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००३ साली प्रेमकथेच्या रचनेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी अशा कादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितले आहेत: दोघं ज्या समाजात राहतात तो समाज, भेट, ओढ, अडथळा, आता सगळं संपलं असं वाटण्याचा क्षण, वगैरे. म्हणजे आराखडासुद्धा तयार आहे. तरी पाककृती एकच असताना एकीच्या हातची आमटी आठवत राहते आणि दुसरीची जेवण संपायच्या आत विसरते, तसं होतंच. मग फरक कशात पडतो? माझ्यापुरत्या मी तीन कसोट्या ठरवल्या आहेत. त्या समजावून सांगायला एकच लेखिका पुरेशी आहे.

जॉर्जेट हेयर. जन्म १९०२, मृत्यू १९७४. इंग्लंडमध्ये १८११ ते १८२० या रीजन्सी काळात घडणाऱ्या प्रेमकथा म्हणून आज जो मोठा प्रकार ओळखला जातो, तो मुख्यतः या बाईंनी रुळवला. १९२६ साली त्यांचं 'दीज ओल्ड शेड्स' बाजारात आलं तेव्हा ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप चालू होता. जाहिरात नाही, परीक्षण नाही, वर्तमानपत्रात ओळसुद्धा नाही. तरी त्या पुस्तकाच्या १,९०,००० प्रती खपल्या. बाईंनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला, की प्रसिद्धीची गरज नाही. पुढे त्या मुलाखतींपासून लांबच राहिल्या. लिहिण्याची तयारी मात्र अशी, की वेलिंग्टनची लिहिण्याची ढब हुबेहूब उतरावी म्हणून त्यांनी त्याचं एक खरं पत्र विकत घेतलं होतं. हलकं लिहिण्यासाठी केलेली ही मेहनत आहे.

पहिली कसोटी अडथळ्याची. हिला मी 'टपरीची कसोटी' म्हणते. दोघांना एका टपरीवर उभं करून दोन कटिंग हातात दिले आणि पाच मिनिटं बोलायला लावलं, तर गोष्ट संपेल का? संपत असेल तर पुस्तक नापास. दाराआडून अर्धं वाक्य ऐकणं, चुकीच्या क्षणी चुकीच्या माणसाच्या खांद्यावर हात दिसणं, 'मला काही ऐकायचंच नाही' म्हणून निघून जाणं, यावर आपल्या मालिका वर्षानुवर्षं चालतात. पण तो अडथळा नव्हे, ती वेळकाढूपणाची सोय आहे. खरा अडथळा बोलूनही सुटत नाही, कारण तो माणसाच्या स्वभावात असतो किंवा परिस्थितीत.

हेयर यांच्या 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' या १९६१ च्या कादंबरीत अ‍ॅडम नावाचा सैनिक अधिकारी युद्धावरून परत येतो. वडील गेलेत आणि मागे कर्जाचा डोंगर ठेवून गेलेत. त्याचं ज्युलिया नावाच्या देखण्या, हळव्या मुलीवर प्रेम आहे. पण घर वाचवायचं तर एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करणं हाच मार्ग उरतो. ती मुलगी, जेनी, बुटकी, साधी, व्यवहारी, आणि ज्युलियाची मैत्रीण. अ‍ॅडम तिच्याशी लग्न करतो. आता घाला या लोकांना टपरीवर! सगळ्यांना सगळं माहीत आहे. कुणी काही लपवत नाही (जेनीचं त्याच्यावर आधीपासून प्रेम आहे, तेवढं सोडून, आणि ते सांगून काही सुटण्यासारखं नाही). पाच मिनिटं काय, पाच दिवस बोलले तरी कर्ज तिथेच राहणार. म्हणून मधली पानं वाचावीशी वाटतात.

दुसरी कसोटी नायकाची. तो करतो काय? बहुतेक प्रेमकथांमध्ये नायक देखणा असतो, श्रीमंत असतो, त्याचा जबडा कायम आवळलेला असतो. हे सगळे गुण, कृती नव्हेत. १९५३ च्या 'कोटिलियन'मध्ये हेयर यांनी याचीच गंमत केली आहे. किटी ही अनाथ मुलगी. तिला वाढवणारा कंजूष म्हातारा जाहीर करतो, की भावा-बहिणींच्या नातवांपैकी एकाशी हिनं लग्न केलं, तर इस्टेट हिची. त्यांतला जॅक देखणा, धाडसी, बोलण्यात पटाईत. किटीचं त्याच्यावर लहानपणापासून मन. पण बोलावूनही जॅक येत नाही. म्हणून ती फ्रेडीला गळ घालते, की माझ्याशी खोटा साखरपुडा कर आणि मला एक महिना लंडनला घेऊन चल.

फ्रेडीला कुणीच हुशार समजत नाही, तो स्वतःही नाही. कपडे आणि रीतभात हे त्याचे विषय. किटीबरोबर तो ग्रीक शिल्पं बघायला जातो आणि अर्ध्या पुतळ्यांना डोकी नाहीत हे पाहून फसवणूक झाल्यासारखा वैतागतो. पण लंडनमध्ये किटी ज्या ज्या पेचात सापडते, त्यातून शांतपणे बाहेर काढणारा माणूस दर वेळी फ्रेडीच असतो. प्रेमात पडून पळून जाणारी दोघं मोठमोठे उसासे टाकत असतात, तेव्हा प्रवासाला सामान लागेल, ब्रश-कंगवा लागेल, हे याच्या लक्षात येतं. एका ठिकाणी किटी त्याच्या बहिणीला म्हणते त्याचा मतितार्थ असा, की फ्रेडीला ड्रॅगन मारता येणार नाही हे खरं, पण ड्रॅगन मारणारा माणूस आपल्याला लागतो तरी कधी? आणि चारचौघांतल्या अवघड प्रसंगातून त्या शूरवीरांपैकी एकालाही आपली सुटका करता आली नसती.

हे पान मी किती वेळा वाचलंय याची नोंद शीटमध्ये नाही. आपण ज्याला रोमँटिक म्हणतो त्यातलं बरंचसं ड्रॅगन मारण्याच्या तयारीचं असतं. ड्रॅगन येत नाहीत. सिलिंडर संपतो, घरमालक डिपॉझिट अडकवतो, सासऱ्यांच्या औषधाची चिठ्ठी हरवते. हलकी प्रेमकथा चांगली असते तेव्हा ती मोठ्या त्यागावर मोजत नाही, या बारीक लक्ष देण्यावर मोजते. 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट'मधली जेनी नवऱ्याला काय आवडतं, कशानं त्रास होतो हे बघून घर लावत जाते. त्यात कुठेही व्हायोलिन वाजत नाही. शेवटी अ‍ॅडमला उमगतं ते एवढंच, की ज्युलिया हे स्वप्न होतं आणि जेनीबरोबरचं रोजचं जगणं त्याला हवंसं झालं आहे. ही प्रेमकथाच नव्हे, असं म्हणणारे वाचकही आहेत. ठरवून केलेली लग्नं बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना मात्र ती लगेच कळते, आणि थोडी बोचतेही. प्रत्येक जेनीला अ‍ॅडम मिळत नाही हेही आपण पाहिलेलं असतं.

तिसरी कसोटी सगळ्यात अवघड, आणि तिच्यात माझी लाडकी लेखिकाही एकदा सपशेल नापास झाली आहे. पुस्तक हसतं कुणावर? इंग्रजी 'होलसम'ला मराठीत पटकन 'सोज्वळ' सुचतो. हा शब्द आपण मालिकेतल्या सुनेसाठी आणि लग्नाच्या जाहिरातीसाठी वापरून वापरून पार गुळगुळीत केला आहे. सोज्वळ म्हणजे काय, तर पदर नीट, आवाज खाली. प्रेमकथेतही त्याचा अर्थ 'चुंबन नाही' एवढाच घेतला जातो. मला तो अर्थ फार तोकडा वाटतो. चुंबन नसलेल्या कितीतरी कादंबऱ्या मनानं खुनशी असतात: जाड्या मैत्रिणीवर हसतात, गावाकडून आलेल्या नातेवाइकावर हसतात, वय झालेल्या अविवाहित बाईवर हसतात. गोष्टीतल्या दुबळ्या माणसाची फजिती करून नायिकेला मोठं करतात. निर्मळ पुस्तक तेच, ज्यात कुणाला तुच्छ लेखलेलं नसतं.

या कसोटीवर 'द ग्रँड सोफी' ही १९५० ची कादंबरी बघा. तिची नायिका हेयर यांच्या सगळ्यात लोकप्रिय नायिकांपैकी एक, धमाल, निडर. पण मध्येच एक प्रसंग येतो. ती आपल्या आतेभावाला सोडवायला गोल्डहँगर नावाच्या ज्यू सावकाराकडे जाते, आणि त्या सावकाराचं वर्णन म्हणजे ज्यूंविषयीच्या जुन्या द्वेषातल्या सगळ्या खुणांची यादी आहे. दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती. युरोपात काय घडलं हे जगाला कळलेलं होतं. 'त्या काळी असंच लिहायचे' म्हणून मला ते सोडून देता येत नाही. पुस्तक हलकं आहे म्हणून काय झालं असं म्हणायचं असेल, तर मग ते चांगलं आहे असंही म्हणता येणार नाही. दोन्ही वाक्यांना एकच वजन लागतं. माझ्या शीटमध्ये या पुस्तकापुढे तारे नाहीत, हा प्रसंग लिहिलेला आहे.

हलक्या प्रेमकथेला तोलावं की नाही हा वाद मराठीला नवा नाही. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवायचे आणि कादंबऱ्या लिहायचे त्या प्रेमाच्या, देखण्या तरुण-तरुणींच्या. १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून त्यांनी कथा-कादंबरी कशी रचतात याचं तंत्रही मांडलं. समोर वि. स. खांडेकर होते. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा त्या दोघांच्या नावानं ओळखला जाणारा वाद आपण शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केला. खांडेकरांची बाजू जिंकली असं एकूण वातावरण होतं. मला वाटतं त्या वादात एक शक्यता दोन्हीकडून निसटली. प्रेमकथा जीवनासाठी असू शकते, ती उपदेश करते म्हणून नव्हे, तर माणसं एकमेकांशी रोज कशी वागतात हे ती जवळून दाखवते म्हणून. दोनशे पानं आपण दुसरं काय बघत असतो? याने तिला उत्तर कसं दिलं, तिने त्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं का, तो चिडला तेव्हा कुणावर चिडला.

माझ्या आईला हे मुद्दाम सांगावं लागलं नसतं. सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाचनालय होतं. आई दुपारी जाऊन पुस्तक बदलून आणायची: योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर. ती बाबांसमोर वाचायची नाही. लपवायची असंही नाही, पण कुणी आलं की पुस्तक पालथं ठेवायची. त्या पुस्तकांबद्दल घरात कुणी तिचं मत विचारलेलं मला आठवत नाही. ती मात्र मत ठेवून होती, हे मला गेल्या वर्षी कळलं.

गेल्या वर्षी एक स्थळ आलं होतं. मुलगा कागदावर उत्तम, आणि प्रत्यक्षातही बरा. पुण्यात एका कॅफेत दोन तास भेटलो. वाचणारा होता, बोलायला मोकळा होता. माझ्या नोकरीबद्दल नीट प्रश्न विचारले, 'नंतर सोडणार का' हा सोडून. मला तो आवडायला लागला होता. मग गप्पांच्या ओघात त्यानं आपल्या वहिनीची गोष्ट सांगितली. ती खेड्यातली. पुतण्याच्या शाळेत पालकसभेला गेली आणि बाईंशी इंग्रजीत बोलली. ती कशी बोलली हे त्यानं करून दाखवलं. नक्कल चांगली होती. तिचे उच्चार, मध्येच अडखळणं, बोलून झाल्यावर पदर सावरणं, सगळं.

मी घरी नकार कळवला. तेव्हा फोनवर आई होती, आत्या होती, मागे बाबा होते. 'का नको' याचं उत्तर द्यायचं होतं आणि आमच्या घरात नकाराची मान्यताप्राप्त कारणं मोजकी आहेत: पगार, उंची, गाव, पत्रिका, व्यसन. मी वहिनीचं सांगितलं. आत्या म्हणाली, 'अगं, एवढ्यावरून? घरात थट्टामस्करी चालतेच की.' बाबा काही बोलले नाहीत. मलाही क्षणभर वाटलं, की खरंच किती लहान कारण आहे हे! एका कॅफेतल्या दोन मिनिटांवरून एक चांगलं स्थळ नाकारायचं? माझं वय अठ्ठावीस, समोरचा माणूस व्यसनी नाही, वाईट नाही. बायोडेटात यासाठी रकानाच नसतो.

आईनं एकच प्रश्न विचारला. 'तिच्या तोंडावर करतो का गं ही नक्कल, का पाठीमागं?'

'माहीत नाही,' मी म्हटलं.

'पाठीमागं करत असला तर वाईट,' आई म्हणाली. 'तोंडावर करत असला तर जास्त वाईट.'

दुसऱ्या दिवशी तिनं मध्यस्थ काकांना फोन करून पत्रिका जुळत नाही असं कळवलं. आत्यालाही तेच कारण अधिक पटलं. मी बरोबर होते का? त्या मुलाला कुणीतरी भेटेल, कदाचित तो बदलेल, कदाचित वहिनीसुद्धा त्या नकलेवर मनापासून हसत असेल. सिद्ध करता येईल असं माझ्याकडे काही नाही. पण जे पुस्तक मी याच कारणासाठी खाली ठेवलं असतं, त्याच्यासाठी पन्नास वर्षांचा अपवाद मला करवला नाही. आईनं हा न्याय कुठून आणला, ते तिनं सांगितलं नाही. मला मात्र पालथी ठेवलेली ती सगळी पुस्तकं आठवली.

हेयर यांना आलेल्या पत्रांत एक पत्र रुमानियातून सुटून आलेल्या एका बाईंचं होतं. त्या तिथे बारा वर्षं राजकीय कैदी होत्या. तुरुंगात पुस्तक नव्हतं. 'फ्रायडेज चाइल्ड' ही १९४४ ची कादंबरी त्यांना आठवत होती. ती त्या बरोबरच्या कैदी बायकांना पुन्हा पुन्हा सांगायच्या, आणि त्यावर सगळ्यांनी मन शाबूत ठेवलं. 'फ्रायडेज चाइल्ड' ही काही महान कादंबरी नाही. रागाच्या भरात लग्न करून बसलेल्या एका पोरकट नवऱ्याची आणि भाबड्या बायकोची ती गमतीची गोष्ट आहे. पण ज्यांच्याभोवती दिवसभर माणसं माणसांशी वाईट वागत होती, त्यांना चांगलं वागणं कसं दिसतं हे विसरायचं नव्हतं. हलकी वस्तू लांबपर्यंत वाहून नेता येते, हाही तिचा गुण धरला पाहिजे.

आई इंग्रजी कादंबऱ्या वाचत नाही. म्हणून सध्या रात्री जेवणं आटोपली, की मी फोनवर तिला 'कोटिलियन' सांगते, रोज पंधरा-वीस मिनिटं. नावांची अडचण होते, म्हणून जॅकला ती 'तो छानछौकी' म्हणते आणि फ्रेडीला 'आपला'. मधूनमधून थांबवून प्रश्न विचारते: त्या मुलीचा खर्च कोण करतंय, नोकरचाकर किती, म्हाताऱ्याला शेवटी कोण बघणार. हे प्रश्न मला सुचले नव्हते, आणि त्यातला एक मी शीटमध्ये चौथी कसोटी म्हणून लिहून ठेवला आहे: म्हाताऱ्याला कोण बघणार. परवा मी तिला विचारलं, 'पुढं काय होणार, कळलं का?'

'ते मला पहिल्याच दिवशी कळलं,' ती म्हणाली. 'आपलाच तो. उद्या जरा लवकर लाव फोन.'